कचरा उचलला, जमीन अजून तशीच

जानेवारी २०२५मध्ये भोपाळच्या बंद युनियन कार्बाइड कारखान्यातला ३३७ टन विषारी कचरा मध्य प्रदेशातल्याच पीथमपूरला नेण्यात आला. जूनअखेर तो जाळून झाला आणि अनेकांना वाटलं, भोपाळ स्वच्छ झालं. तसं झालेलं नाही.

कचरा हलवणं आणि रेमेडिएशन (दूषित माती व भूजल पुन्हा सुरक्षित करणं) ही दोन वेगळी कामं आहेत. मातीच्या भुईवर रॉकेलची बाटली कलंडली, तर बाटली उचलल्याने आत मुरलेलं रॉकेल निघत नाही. वास येत राहतो. भोपाळच्या कारखान्याच्या आवारात कचरा अनेक वर्षं उघड्यावर आणि खड्ड्यांत होता. दर पावसाळ्यात त्यातली रसायनं खाली झिरपली. नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेने २०१०मध्ये तिथल्या दूषित मातीचा अंदाज दिला तो सुमारे ११ लाख टनांचा. त्यापुढे ३३७ टन किती थोडे!

म्हणून खरं काम मोजणीपासून सुरू होतं: ठिकठिकाणी बोअर घ्यायचे, माती-पाणी तपासायचं, विष कुठवर पोचलं ते ठरवायचं. मग माती धुवायची, तापवायची किंवा सुरक्षित झाकायची. पाण्यावर तर वर्षानुवर्षं लक्ष ठेवावं लागतं.

भोपाळच्या या कारखान्यात ‘सेव्हिन’ हे कीटकनाशक बनत असे. यवतमाळ जिल्ह्यातल्या आर्णीसारख्या कपाशीच्या मुलखाला कीटकनाशकं नवी नाहीत. गावाजवळ कुठला जुना कारखाना किंवा रसायनांचं गोदाम बंद पडलं असेल, तर आवार साफ दिसतंय एवढ्यावर थांबू नका. शेजारच्या विहिरीचं पाणी प्रयोगशाळेतून तपासून घ्या.