विरीच्या कलाने
पोफळीची, म्हणजे सुपारीच्या झाडाची, जुनी झावळी आपणहून गळते, तेव्हा खोडाला वेढून असलेली तिची विरीही सोबत खाली येते. कोकणातली पोरं हिच्यावर बसून एकमेकांना ओढत न्यायची. श्रीवर्धनकडच्या एका वाडीत आता तिच्या ताटल्या होतात. त्यासाठी झाड तोडावं लागत नाही, गोंद किंवा रंगही लागत नाही. पाणी आणि साच्याची धग एवढ्यावर भागतं.

साच्याशी बसलेल्या काकींचं सगळं लक्ष ओलाव्याकडे. वाळवून ठेवलेली विरी घासून धुतात, थोडा वेळ भिजवतात, निथळू देतात आणि मग दोन्ही हातांत धरून जराशी वाकवून बघतात. कोरडी राहिली तर ती साच्यात तडकते. जास्त भिजली तर बाहेर आलेली ताटली थोड्याच वेळात पापडासारखी वेडीवाकडी होते. आतली फिकट, तुळतुळीत बाजू वर, कारण जेवण तिच्यावर वाढायचं. साचा दाबला की कडेने वाफ फुसफुसते, जादा भाग कापला जातो आणि ताटली सुटते.

आकार ठरवतं ते जेवण. भेळेला उथळ बशी पुरते. आमटीभाताला काठ उंच हवा, नाहीतर आमटी मांडीवर! पण विरीचे तंतू एकाच दिशेने धावतात, आडवा ताण त्यांना सोसत नाही. साचा खोल केला की बुडाशी चीर पडते. म्हणून इथली वाटी पितळी वाटीसारखी उभट न होता पसरट, गोल बुडाची राहते. केटररना मात्र कप्प्यांची थाळी हवी असते.

"जाड विरी असली तर निघते हो, पातळ असली की कप्प्यांमधला बांध फाटतो. मी त्यांना म्हणते, वाट्या वेगळ्या घ्या."

मला काकींचंच पटलं. विरी मध्ये जाड, कडांना पातळ. मधल्या भागातून ताटली निघाली की कडेतून चटणीची वाटी निघतेच. उरलेला चुरा वाडीतच झाडांच्या बुंध्याशी पडतो.

थर्माकोलच्या ताटांवर महाराष्ट्रात २०१८ साली बंदी आली आणि मागणी वाढली. विरी मात्र मागणीप्रमाणे गळत नाही. एका झाडाच्या वर्षाला साधारण पाच-सहा, त्यातही पावसात भिजलेलीला बुरशी. ३ जून २०२०च्या निसर्ग वादळात तर इथल्या वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या.

आता नवीच पंचाईत. सुपारीच्या झाडातली अल्कलॉइड अन्नात उतरू शकतात, म्हणून मे २०२५मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने या भांड्यांवर हरकत घेतली. निर्यातदार नाराज आहेत. पण झाडाचं आहे म्हणून तपासणी नको, हे म्हणणं मला पटत नाही. कढत आमटी त्यात किती वेळ राहते, हेही मोजायला हवंच.