मुंबईचा हिवाळी धुरळा

समुद्राने वेढलेल्या मुंबईस दूषित हवेची बाधा व्हावी, हे प्रथमदर्शनी विचित्र वाटते. परंतु कारखाने, मोटारी आणि बांधकामे यांचा धूर व धूळ दूर नेणारा दुपारचा जो खारा वारा या शहराचा खरा आरोग्यरक्षक, तोच हिवाळ्यात उशिरा येतो, मंदावतो, आणि रात्री जमीन निवाली म्हणजे तिच्यालगतच्या थंड हवेवर उष्ण हवेचा थर झाकणासारखा बसून खालचे सारे खालीच कोंडून धरतो. या कोंडीत भर म्हणून १९५४-५५ च्या सुमारास ट्रॉम्बे-माहुलच्या किनाऱ्यावर तेलशुद्धीकरणाचे कारखाने उभे राहिले, मागाहून खतांचा आला, आणि लगतच्या चेंबूरकरांना उग्र दर्पाची सवय करून घेणे भाग पडले.

धुराच्या उपद्रवाविरुद्ध मुंबई इलाख्यात १९१२ सालीच कायदा झाला होता. मात्र त्याच्या अंमलाचा रोख उघड दिसणाऱ्या धुरावर, आणि फुप्फुसांच्या तळाशी जाऊन रक्तात शिरणारे अडीच मायक्रॉनहून सूक्ष्म कण तर, दाट धुरके दाटले नाही तोवर, दृष्टीस पडतच नाहीत. २००९ च्या राष्ट्रीय मानकानुसार त्यांची वार्षिक सरासरी घनमीटरमागे ४० मायक्रोग्रॅमपर्यंतच क्षम्य आहे. पहाटेची हवा शुद्ध, ही आपली जुनी समजूत. पण हिवाळ्यात रात्रीचे ते झाकण पहाटेही उठलेले नसते; म्हणून दम्याच्या रोग्याने जानेवारीत फेरफटका दुपारच्या वाऱ्यानंतरच मारावा.