नॉटिंगहॅम फॉरेस्ट १९७७-७८ : चमत्कार की हिशेब?

इंग्लिश फुटबॉलमधला छोटा क्लब, मोठा पराक्रम असा विषय निघाला की गाडी थेट लेस्टरवर जाते. २०१५-१६, पाच हजारास एक भाव, सगळ्यांना पाठ आहे. आज मी लेस्टरच्या जवळच्याच एका शहरातली, पण अडतीस वर्षं आधीची गोष्ट सांगणार आहे. माझ्या मते ती जास्त अवघड होती.

नॉटिंगहॅम फॉरेस्ट. १८६५ सालचा क्लब, एफए कप दोनदा जिंकलेला, १८९८ आणि १९५९ मध्ये. लीग मात्र एकदाही नाही. १९७६-७७ मध्ये हे लोक दुसऱ्या डिव्हिजनमध्ये होते आणि वर आले तेही तिसऱ्या क्रमांकावरून, ५२ गुणांनी. मागच्या बोल्टनला ५१. म्हणजे एक गुण इकडे-तिकडे झाला असता तर आजचा भागच झाला नसता! आणि वर आल्यावर पहिल्याच वर्षी लीग जिंकली. आपल्याकडे प्लेट गटातून वर आलेल्या संघानं लगेच मुंबईला मागे टाकून रणजी करंडक उचलावा, तसं काहीसं. यातली मुंबई म्हणजे लिव्हरपूल. लीग विजेते आणि युरोपियन विजेतेही.

आता हे झालं कसं? उत्तर बहुतेक वेळा एका नावात दिलं जातं : ब्रायन क्लफ. माणूस होताच तसा. १९७२ मध्ये डर्बीला लीग जिंकून दिली, १९७४ मध्ये लीड्सनं ४४ दिवसांत घरी पाठवलं, जानेवारी १९७५ मध्ये फॉरेस्टला आला. पण एक तारीख नीट बघा. क्लफ आल्यानंतरचं दीड वर्ष फॉरेस्ट दुसऱ्या डिव्हिजनमध्ये साधारणच खेळत होतं. जुलै १९७६ मध्ये त्याचा जुना जोडीदार पीटर टेलर आला. दहा महिन्यांत बढती, त्यानंतरच्या वर्षी विजेतेपद. हा मला योगायोग वाटत नाही.

टेलरचं काम म्हणजे खेळाडू हेरणं. केनी बर्न्सचंच घ्या. बर्मिंगहॅमचा स्ट्रायकर, तापट डोक्याचा, दारू आणि जुगारासाठी बदनाम. असं सांगतात की टेलर ओळख लपवून कुत्र्यांच्या शर्यतीला गेला आणि हा गडी खरंच किती पैसे लावतो हे त्यानं लांबून बघितलं. खात्री पटल्यावर घेतला. आणि घेऊन स्ट्रायकर म्हणून खेळवलाच नाही, मधल्या बचावात लॅरी लॉइडच्या शेजारी उभा केला. त्याच हंगामात फुटबॉल पत्रकारांनी बर्न्सला वर्षातला सर्वोत्तम खेळाडू म्हणून निवडलं.

दुसरा जॉन रॉबर्टसन. हा आधीपासून क्लबमध्येच होता, पण विकायला काढलेला. थोडा जाडसर, सिगरेट ओढणारा, धावण्याचा वेग जेमतेम. त्याला डाव्या विंगवर ठेवलं आणि बाकीच्यांना सांगितलं, चेंडू याच्याकडे द्या. बस. एवढा साधा डाव होता, आणि सगळ्यांना माहीत असूनही तो कुणाला थांबवता येत नव्हता.

तिसरा निर्णय पैशाचा. हंगाम सुरू झाल्यावर, सप्टेंबर १९७७ मध्ये, स्टोककडून पीटर शिल्टनला आणलं, अडीच लाख पौंडांच्या आसपास मोजून. गोलकीपरवर एवढा पैसा? तेव्हा लोकांना वेडेपणा वाटला. आता आकडे ऐका. लीगच्या ४२ सामन्यांत फॉरेस्टवर झाले फक्त २४ गोल. २५ विजय, १४ बरोबऱ्या, ३ पराभव. ६४ गुण, लिव्हरपूलचे ५७.

इथे एक गोष्ट समजून घ्या. तेव्हा विजयाला दोनच गुण मिळायचे. तीन गुणांची पद्धत इंग्लंडमध्ये १९८१ मध्ये आली. दोन गुणांच्या हिशेबात बरोबरीची किंमत जास्त, म्हणून गोल न खाणारा संघ फायद्यात. मग फॉरेस्ट केवळ या नियमामुळे जिंकलं का? मी आजच्या पद्धतीनं बेरीज करून बघितली : फॉरेस्ट ८९, लिव्हरपूल ८१. तरीही पहिलेच. आणि नुसतं बचावाचं रडगाणं नव्हतं हं, डिसेंबरमध्ये ओल्ड ट्रॅफर्डवर जाऊन मँचेस्टर युनायटेडला ४-० मारलंय या पोरांनी.

२२ एप्रिल १९७८ ला कोव्हेंट्रीत ०-० बरोबरी झाली आणि विजेतेपद पक्कं झालं. तो एक गुण शिल्टनच्या हातांनी मिळवला. त्याआधी मार्चमध्ये लीग कपही घेतला होता, अंतिम फेरीत लिव्हरपूललाच हरवून. शिल्टनला त्या स्पर्धेत खेळता येत नव्हतं, म्हणून गोलमध्ये होता १८ वर्षांचा ख्रिस वुड्स. वेम्बलीवर ०-०, फेरसामन्यात रॉबर्टसनच्या पेनल्टीवर १-०. नोव्हेंबर १९७७ पासून लीगमध्ये सलग ४२ सामने ते हरले नाहीत. तो विक्रम थेट २००४ मध्ये आर्सेनलनं मोडला. आणि पुढे १९७९ आणि १९८० मध्ये युरोपियन कप, लागोपाठ दोनदा! युरोपियन कप जास्त वेळा आणि देशातली लीग एकदाच जिंकलेला दुसरा क्लब मला दाखवा.

म्हणून मला ‘चमत्कार’ हा शब्द खटकतो. चमत्कार म्हटलं की कुत्र्यांच्या शर्यतीला जाऊन बसलेला माणूस दिसेनासा होतो.

पुढे क्लफ आणि टेलर यांचं बिनसलं. १९८३ मध्ये टेलर डर्बीचा मॅनेजर असताना त्यानं रॉबर्टसनलाच तिकडे नेलं, आणि अबोला धरला गेला तो कायमचा. १९९० मध्ये टेलर गेला, समेट न होताच. नॉटिंगहॅमच्या भर चौकाजवळ २००८ पासून क्लफचा पुतळा आहे, एकट्याचा. सिटी ग्राउंडवरच्या एका स्टँडला टेलरचं नाव मिळालं, पण बऱ्याच उशिरा. दोघांचा एकत्र पुतळा बघायचा असेल तर शेजारच्या डर्बीला जावं लागतं, म्हणजे फॉरेस्टच्या कट्टर वैऱ्यांच्या दारात.