विम्याचा हप्ता उतरत का नाही?

२२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरील १८ टक्के कर रद्द झाला, तेव्हा इंदूरच्या छावणी मंडईत आम्हां वृद्ध व्यापाऱ्यांस मोठा आनंद वाटला. पुढे नूतनीकरणाचा कागद हाती आला. पूर्वी मूळ शंभर रुपयांस करासह एकशे अठरा भरत होतो. आता शंभर भरावयास हवे होते. कागदावर एकशे दहा होते! वर्षभरात आम्ही एक पैचाही दावा केलेला नव्हता.

जानेवारी २०२५ मध्ये विमा प्राधिकरणाने साठीवरील विमेदारांच्या हप्त्यात, प्राधिकरणाशी विचारविनिमय केल्यावाचून, वर्षाला दहा टक्क्यांहून अधिक वाढ करू नये असे बंधन घातले. कमाल मर्यादा हाच भाव समजण्याची रीत आम्हां व्यापाऱ्यांस काही नवी नाही.

तथापि सारा दोष कंपनीचा नव्हे. कर गेला, त्याबरोबर दलाली व कचेरीचे भाडे यांवर तिने भरलेल्या कराची वजावटही गेली. तो बोजा मूळ दरात मिसळतो. २०२४ च्या नियमांनी जुन्या आजारासाठी थांबण्याची कमाल मुदत चार वर्षांवरून तीनवर आणली. सुधारणा स्तुत्यच, परंतु आजाऱ्याचा दावा वर्षभर आधी सुरू होतो आणि पैसा त्याच थैलीतून जातो. धट्टीकट्टी तरुण मंडळी मात्र थैलीत भर घालण्यास नाखूश असतात.

खरी गोष्ट अशी की, कर म्हणजे हमाली. माल म्हणजे इस्पितळाचे बिल. मालच महागला तर हमाली माफ होऊन किती फरक पडणार? २०१७ साली शासनाने हृदयाच्या स्टेंटची किंमत बांधून दिली. त्याच बिलातील खोलीभाडे, शस्त्रक्रियागृह, डॉक्टरांची फी यांवर मात्र तसे सरसकट बंधन नाही.

विमा सोडून द्यावा, असे चिरंजीवांचे मत पडले. पण आम्हांस मधुमेह आहे. विमा एकदा तुटला तर पुन्हा तीन वर्षांपर्यंत थांबणे आले. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीवरील सर्वांस आयुष्मान योजनेत पाच लाखांचे संरक्षण आहे, आणि आमच्या सत्तरीस अद्याप चार वर्षे अवकाश आहे. तेव्हा यंदाचा हप्ता आम्ही मुकाट्याने भरला.