जाळीआडचा वारा

वर्ध्याहून आर्वीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आंजी (मोठी) हे गाव लागते. ज्याने या रस्त्याने बारा महिने मोटारसायकल चालवली आहे, त्याला वैशाखात डांबरातून वर येणारी झळ, पावसाळ्यात ट्रॅक्टरांच्या चाकांनी पांदण रस्त्यावरून डांबरापर्यंत ओढून आणलेला काळा चिखल आणि दिवाळीनंतर दुरुस्तीसाठी कडेला टाकलेले गिट्टीचे ढीग, या तिहींचा परिचय निराळा करून द्यावा लागत नाही. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग आमच्याच जिल्ह्यातून गेला असला, तरी त्यावर दुचाकीस मज्जाव आहे. त्यामुळे मोटारसायकलस्वाराचा संबंध आजही या जुन्या रस्त्यांशीच आहे आणि त्यांचे गुणदोष ओळखून आपल्या वाहनाची तजवीज करणे त्याला प्राप्त आहे.

माझ्या भाच्याने २२० सीसीची एक जुनी मोटारसायकल विकत घेतली, तेव्हा अंगणात ती उभी करून, पुढच्या चाकामागे बसून, इंजिनासमोरच्या तळहाताएवढ्या पन्हाळीदार पेटीवर बोट ठेवून त्याने मला विचारले, "मामाजी, याले जाळी लावाची का नाई?" प्रश्न लहान होता, परंतु त्याचे प्रामाणिक उत्तर द्यायचे तर उष्णता, वारा, माती आणि दगड या चारही पक्षांची कैफियत ऐकून घ्यावी लागते, आणि ती ऐकल्यावाचून दिलेला निकाल, मग तो लावण्याचा असो की न लावण्याचा, अन्यायाचाच होतो.

ती पेटी म्हणजे ऑइल कूलर. गावात ज्या शंभर-सव्वाशे सीसीच्या गाड्या बहुसंख्येने दिसतात, त्यांना तो नसतो. त्यांचे इंजिन अंगावरच्या पात्यांवरून वाहणाऱ्या वाऱ्यानेच निवते, म्हणून त्यांच्या मालकांना या विवंचनेचे कारण नाही. परंतु २००७ साली बजाजने आणलेली पल्सर २२०, २०१६ साली आलेल्या टीव्हीएसची अपाचे आरटीआर २०० व रॉयल एनफिल्डची हिमालयन, आणि त्यानंतरच्या २०१८ ची इंटरसेप्टर ६५०, अशा अधिक ताकदीच्या गाड्यांत नुसत्या वाऱ्यावर भागत नाही. तेथे इंजिनातील तेलालाच उष्णता वाहून नेण्याचे काम दिलेले असते. जपानच्या सुझुकी कंपनीने १९८५ साली आपली जीएसएक्स-आर ७५० ही गाडी आणताना या तत्त्वाचा फार मोठ्या प्रमाणावर आश्रय केला होता. आतला पंप तेलाला दाबाखाली एका नळीवाटे कूलरकडे पाठवतो. तेथे ते अ‍ॅल्युमिनियमच्या चपट्या, पोकळ नलिकांतून फिरते. त्या नलिकांच्या मधोमध कागदासारख्या पातळ पत्र्याच्या नागमोडी पट्ट्या बसवलेल्या असतात, ज्यांना कारागीर फिन्स म्हणतात. धावत्या गाडीसमोरून येणारा वारा या पट्ट्यांमधून जाताना उष्णता घेऊन जातो, आणि निवालेले तेल दुसऱ्या नळीने परत इंजिनात येते.

आता या रचनेचे मर्म असे की जो अवयव वाऱ्यासमोर उघडा असल्याखेरीज काम करू शकत नाही, तो दगडासमोरही तितकाच उघडा असतो. समोरून साठच्या वेगाने येणारा ट्रक आणि साठच्याच वेगाने जाणारी आपली गाडी यांच्यामध्ये उडालेला खडा कूलरवर जवळजवळ एकशेवीसच्या वेगाने येऊ शकतो, आणि वेग दुप्पट झाला की आघाताची शक्ती चौपट होते. शिवाय आपल्याच पुढच्या चाकाने उचललेले खडे टायरच्या मागल्या अंगाने वर फेकले जातात, ते ज्या दिशेने येतात तिकडेच नेमका कूलर असतो. मडगार्डचे टोक आखूड असेल तर त्यांना अटकाव राहत नाही.

तथापि येथे तारतम्य पाहिजे. जुना कूलर बॅटरीच्या उजेडात न्याहाळून पाहिला, तर त्यावर दिसणाऱ्या खुणांपैकी बहुतेक खुणा या वाकलेल्या पट्ट्यांच्या असतात. पट्टी वाकल्याने तेल गळत नाही. तेवढ्या जागेतून वारा जाणे मात्र थांबते, आणि पातळ, बोथट पात्याने ती हलक्या हाताने सरळ करता येते. खरे संकट नलिका फुटण्याचे. तसे क्वचितच घडते, परंतु घडले म्हणजे दाबाखालचे तेल बाहेर उडते, इंजिनाच्या खालून मागल्या टायरपर्यंत पोहोचू शकते आणि वळणावर स्वाराला पाडू शकते. आणि हे ज्याच्या लक्षात आले नाही, त्याचे इंजिन तेलावाचून जाम होते. ज्या अनर्थाची शक्यता अल्प पण परिणाम प्राणावर बेतणारा, त्याविरुद्ध थोडी खबरदारी घेणे मला शहाणपणाचे वाटते. फक्त त्या खबरदारीची किंमत काय, हे आधी मोजले पाहिजे.

ही किंमत वाऱ्यात मोजायची असते. उष्णता तापमानातील तफावतीच्या प्रमाणात वाहते. तेल ११० अंशांवर आहे असे धरले, तर थंडीतल्या पहाटे हवा १२ अंशांवर असताना ही तफावत ९८ अंशांची असते; वर्ध्याच्या मे महिन्यातील ४६ अंशांच्या दुपारी ती ६४ अंशांवर येते; म्हणजे तोच कूलर, त्याच वेगात आणि तितक्याच वाऱ्यात, सुमारे एकतृतीयांश कमी उष्णता बाहेर टाकतो. विदर्भातील उन्हाळ्याने ही कपात आपल्याकडून आधीच वसूल केलेली असते. त्यावर दाट विणीच्या जाळीची दुसरी कपात लादायची, आणि वर दोन माणसे बसवून, वारा पाठीमागून असताना, ट्रॅक्टरच्या मागे रेंगाळत जायचे, तर तेल पातळ होऊन त्याचा दाब उतरतो, त्याचे आयुष्य घटते, आणि ज्या इंजिनाच्या रक्षणासाठी जाळी बसवली त्याच इंजिनाला तिच्यापासून उपद्रव पोहोचतो.

म्हणून जाळी कोणती, हा प्रश्न जाळी लावावी की नाही याहून महत्त्वाचा आहे. विणलेल्या जाळीत किती जागा मोकळी राहते हे शाळेतल्या मुलालाही काढता येईल: दोन तारांमधील मोकळ्या अंतराला, ते अंतर व तारेची जाडी यांच्या बेरजेने भागावे आणि आलेल्या अपूर्णांकाचा वर्ग करावा. तार १ मिलिमीटरची आणि अंतर ३ मिलिमीटर असेल तर जेमतेम ५६ टक्के जागा मोकळी राहते. अंतर ६ केले तर ७३, आणि ८ केले तर ७९. वारा याच हिशेबात काटेकोरपणे घटतो असे नव्हे, पण कोणती जाळी वाऱ्याला अधिक वाट देते हे ठरवायला हा हिशेब पुरेसा आहे. आता दगडाची बाजू पाहू. आमच्या भागातील गिट्टी काळ्या बेसाल्टची. तिचा २० मिलिमीटरचा गोलसर खडा साधारण १२ ग्रॅमचा भरतो, १० मिलिमीटरचा दीड ग्रॅमचा, आणि ५ मिलिमीटरचा तर पाव ग्रॅमही भरत नाही. कारण व्यास निम्मा झाला की वजन एक-अष्टमांश होते. सहा ते आठ मिलिमीटरची जाळी जे खडे आत सोडील ते हलके असतील, आणि जे जड ते अडतील. घराच्या खिडकीला लावतात ती डासांची जाळी या कामाला अगदी निरुपयोगी. ती दगड थोपवू शकत नाही आणि धुळीने मात्र चार दिवसांत बुजते.

या बुजण्याविषयी थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण बाहेरच्या मुलखातील लेखी शिफारशींत याचा विचार आमच्या परिस्थितीला धरून केलेला नसतो. काळी माती ओली असताना जेथे लागते तेथे चिकटते आणि वाळल्यावर विटेसारखी कडक होते. आश्विनात सोयाबीन निघते, मळणीयंत्रातून उडालेले कुटार रस्त्यावर तरंगत असते. त्यामागोमाग पऱ्हाटीची वेचणी सुरू होते, आणि कापसाने शिगोशीग भरलेल्या गाड्या आर्वी-वर्ध्याच्या बाजाराकडे जाऊ लागल्या की त्यांच्यातून सुटलेले कापसाचे पुंजके दोन्ही कडांच्या बाभळींना लटकलेले दिसतात. तोच कापूस जाळीवर बसतो, तेलकट धुळीने ओला होतो आणि एखाद्या नमद्यासारखा वाऱ्याची वाट अडवतो. जाळीच्या बाजूने एवढे खरे, की ही घाण तिने आपल्या अंगावर घेतली नसती तर ती थेट पट्ट्यांत रुतली असती, आणि जाळी धुणे हे पट्ट्या धुण्यापेक्षा फार सोपे आहे. पण जे जाळीमागे शिरते ते डोळ्यांना दिसत नाही, आणि न दिसणाऱ्या घाणीची सफाई बहुधा होत नाही. गावातल्या एका वृद्ध मिस्त्रीने भाच्याला सांगितले ते मला या सगळ्या विवेचनाचे सार वाटले: "जाळी लावता त मंग दर पंधरा दिवसांनी काढून धुवाची तयारी ठेवा भाऊ, नाईत लावूच नोका."

बसवण्याच्या कामात तीन गोष्टींवर मी हटून बसेन. जाळी पट्ट्यांना टेकता कामा नये. गाडीच्या सततच्या थरथरीने पोलादी तार मऊ अ‍ॅल्युमिनियमला घासत राहते आणि जे छिद्र दगडाने पाडले नसते ते जाळीच पाडते. म्हणून मध्ये बोटाच्या निम्म्या जाडीची फट आणि बोल्टाखाली रबरी वॉशर हवा. दुसरे असे की पुढचा ब्रेक जोरात दाबला की फोर्क खाली दबतो आणि चाक कूलरच्या जवळ येते; तेव्हा जाळी बसवल्यावर गाडीवर दोन धडधाकट माणसांनी भार देऊन, हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून, चाक व मडगार्ड कोठे टेकत नाहीत ना, याची शहानिशा केल्याशिवाय ती रस्त्यावर आणू नये. तिसरी गोष्ट, कूलरला वा चौकटीला नवे भोक पाडू नये. कूलरच्या मूळच्या बोल्टांवरच जाळी बसली पाहिजे, म्हणजे ती काढणे-घालणे पाच मिनिटांचे काम राहते. गाडी वॉरंटीच्या मुदतीत असेल तर अधिकृत सर्व्हिस सेंटरला आधी विचारून घ्यावे. गाडी धुणाऱ्याच्या दुकानातील जोरदार फवारा कूलरवर कधीही मारू देऊ नये, कारण जे काम गिट्टीला वर्षभरात जमत नाही ते तो एका मिनिटात करतो. इंजिन थंड असताना, मागल्या बाजूने, साध्या पाण्याने धुवावे.

जाळी नळ्यांचे रक्षण करत नाही, हेही ध्यानात असावे. गाडी एका अंगावर पडली तर मार बसतो तो नळीला आणि तिच्या जोडाला. तेथे तेलाचा ओलावा दिसतो का, आणि तेलाची पातळी खुणेच्या आत आहे का, हे पाहण्याची सवय कोणत्याही जाळीपेक्षा अधिक मोलाची आहे.

माझे मत असे. ज्याची गाडी वर्धा शहरातच, नीट डांबरी रस्त्यावर, कचेरी ते घर एवढीच धावते, त्याला जाळीची जरुरी नाही. मडगार्डच्या टोकाला रबराचा एक लांब तुकडा बसवला तरी त्याच्या पुढच्या चाकाचे बहुतेक खडे अडतील. जो आंजीहून रोज गिट्टीच्या रस्त्याने, मालमोटारींच्या मागेपुढे जातो, त्याने रुंद विणीची जाळी अवश्य लावावी. आणि ज्याचे मन द्विधा आहे त्याने हजार किलोमीटर चालवण्याआधी व चालवल्यानंतर कूलर न्याहाळून, नव्याने वाकलेल्या पट्ट्या मोजाव्यात. त्याचा रस्ता कसा आहे हे त्याला दुसऱ्या कोणी सांगण्याची आवश्यकता उरणार नाही.

भाच्याने मोजले. हजार किलोमीटरांत अकरा नव्या खुणा निघाल्या आणि त्यांतली एक नलिकेच्या अगदी काठाशी होती. त्याने सात मिलिमीटरची जाळी दोन बोल्टांवर बसवून घेतली. आता कापसाच्या दिवसांत, दर दुसऱ्या रविवारी सकाळी, तो ती उतरवून विहिरीजवळच्या दगडावर हलकेच आपटतो, आणि तिच्यातून गळालेला मळका कापूस उचलून चिमण्या घराच्या वळचणीला नेतात.