नोंदकर्त्याचा अचूक पत्ता

चेन्नईहून बंगळुरास जाणाऱ्या हमरस्त्यावर इरुंगाट्टुकोट्टै हे गाव आहे. तेथील हुंडाई कंपनीच्या कारखान्यातून १९९८ साली मोटारी बाहेर पडू लागल्या. अशा प्रत्येक मोटारीस १७ अक्षरांकांचा ओळख-क्रमांक असतो. त्याच्या आरंभीच्या ‘एम ए एल’ या तीन अक्षरांवरून ती कोणी घडविली हे जाणत्यास समजते. पुढे दोष आढळल्यास या क्रमांकावरूनच तिचा माग काढता येतो.

आधुनिक मोटारीचे इंजिन व ब्रेक यांवर लहान संगणकांची देखरेख असते. त्यांना चालविणाऱ्या आज्ञावल्या माणसेच लिहितात. मग आज्ञावलीतील अमुक ओळ कोणी व का लिहिली, हे कसे कळावे? त्यासाठी आवृत्ति-नियंत्रण नावाची व्यवस्था असते. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली निर्माण केलेली ‘गिट’ ही त्यांतील सर्वांत प्रचलित होय. तीत प्रत्येक फेरफाराची नोंद होते, आणि नोंदीत कर्त्याचे नाव, ई-मेल पत्ता व वेळ यांचा अंतर्भाव असतो.

परंतु दिलेला पत्ता खरा आहे किंवा नाही, हे गिट पाहत नाही. पत्ता दिलाच नसेल, तर संगणकाच्या नावावरून ते स्वतःच एखादा पत्ता अनुमानाने बनविते. कोणी घरचा पत्ता कचेरीच्या कामातही वापरतो. परिणामी एकच मनुष्य नोंदींत दोन व्यक्ती म्हणून वावरतो. श्रमाचे श्रेय हरवते, आणि दोष सापडला असता विचारावे कोणास, हे कळेनासे होते.

ही चूक मागाहून दुरुस्त करणे अवघड का, हे वहीखात्याच्या उदाहरणाने समजेल. जुन्या पानावरील रक्कम बदलली, की ‘मागील पानावरून पुढे’ आणलेली प्रत्येक बेरीज बदलावी लागते. गिटमधील नोंदीचा ४० अंकाक्षरांचा क्रमांकही तिच्या संपूर्ण मजकुरावरून निघतो, आणि पुढील नोंदीत तो गुंफलेला असतो. सबब एक पत्ता बदलताच त्यापुढील सर्व क्रमांक बदलतात, व सहकाऱ्यांजवळील प्रतींशी मेळ राहत नाही.

म्हणून आधीच दक्षता घ्यावी. पहिला उपाय असा की, गिटला अनुमान करण्यास मनाई करावी. २०१६ सालापासून तशी सोय आहे. मग पत्ता दिल्यावाचून नोंदच होत नाही. दुसरा, घरच्या व कचेरीच्या कामाचे कप्पे वेगळे ठेवून प्रत्येकास आपापला पत्ता नेमून द्यावा; ही सोय २०१७ साली झाली. तिसरा, नोंदीपूर्वी पत्ता तपासणारी छोटी आज्ञावली बसवावी. तथापि ही तपासणी ज्याची त्याला टाळता येते. यास्तव मध्यवर्ती संगणकावरही नोंदी स्वीकारताना पत्ते पडताळावेत.

इतके करूनही चूक झाली, आणि ती शेवटची नोंद अद्याप इतरांकडे गेली नसेल, तर ती सुधारता येते. गेली असल्यास ‘मेलमॅप’ नावाच्या यादीत चुकीच्या पत्त्याच्या आधी योग्य पत्ता लिहावा. त्यायोगे मूळ नोंद तशीच राहते, पण इतिहास वाचताना योग्य नाव दिसते.

एवढे मात्र ध्यानी ठेवावे की, अचूक पत्ता म्हणजे पुरावा नव्हे. दुसऱ्याचा पत्ता कोणीही लिहू शकतो. खात्रीसाठी गूढलेखनाची सांकेतिक स्वाक्षरीच हवी. पण प्रामाणिक माणसाचे श्रेय व उत्तरदायित्व त्याच्याच नावे राहावे, यासाठी पत्त्याची ही लहानशी दक्षता पुरेशी उपकारक ठरते.