जामखेड ते आशाताई: सरकारने काय घेतले, काय वगळले

1946 साली देशाच्या आरोग्यव्यवस्थेची आखणी करणाऱ्या भोर समितीने आपला अहवाल दिला. पैसे नाहीत म्हणून कोणालाही उपचार नाकारला जाता कामा नये, हे तत्त्व त्यात ठळकपणे मांडले होते. त्यासाठी समितीने आखलेली वाट डॉक्टर, परिचारिका आणि खाटा यांची होती. अल्पकालीन योजनेत चाळीस हजार लोकवस्तीमागे एक प्राथमिक केंद्र. 1952 पासून अशी केंद्रे उघडू लागली. पण आडगावात तान्हे मूल तापाने फणफणले, तर केंद्र गाठेपर्यंत वेळ निघून जाई आणि गाठल्यावर डॉक्टर भेटेलच याची खात्री नसे. हे अंतर कापायला भारताने आणि इतर अनेक गरीब देशांनी गेल्या पन्नासेक वर्षांत एकच उत्तर पुन्हा पुन्हा शोधले: गावातल्याच एका बाईला शिकवून तयार करायचे. या वाटचालीकडे आज मागे वळून पाहिले तर प्रयोग करणाऱ्यांनी सिद्ध केले ते एक आणि सरकारने राबवले ते दुसरेच, असे दिसते. प्रयोगात बाईच्या हाती ज्ञान, औषध आणि निर्णय होता, पाठीशी सतत शिकवणारी माणसे होती. योजनेत येताना त्यातला खर्चाचा आणि अधिकाराचा भाग गळत गेला. मग निकाल कमी पडला की दोष मात्र बाईच्या माथी आला.

सुरुवात जामखेडपासून करणे योग्य. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 मध्ये तेव्हाच्या नगर जिल्ह्यातल्या या दुष्काळी तालुक्यात काम सुरू केले, तेव्हा त्यांची पहिली कल्पनाही चारचौघांसारखीच होती: प्रशिक्षित नर्सबाई गावोगावी ठेवायच्या. ती फसली. परगावच्या, एकट्या राहणाऱ्या नर्सला गाव आपले मानत नव्हते. मग गावकऱ्यांनीच निवडलेल्या बायका पुढे आल्या. त्यांतल्या बहुतेक निरक्षर, अनेक दलित, काही नवऱ्याने टाकलेल्या. त्या दर आठवड्याला जामखेडला येत, वेगवेगळ्या जातींच्या बायका एकत्र जेवत, एकत्र झोपत, आठवडाभरात गावात काय घडले ते सांगत आणि पुढचा धडा घेऊन जात. हे प्रशिक्षण कधी संपत नसे. जामखेडचे मर्म मला तिथेच दिसते. हजार जन्मांमागे पावणेदोनशेच्या आसपास असलेले बालमृत्यू पंचवीस वर्षांत तिशीच्या खाली आले. त्यामागे औषधांच्या पेटीपेक्षा या अखंड शिकवणीचा, पाणी-पोषणाच्या कामाचा आणि जातीच्या भिंती पाडण्याचा वाटा मोठा होता. 1975 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जगभरच्या अशा प्रयोगांवर पुस्तक काढले, त्यात जामखेडवर स्वतंत्र प्रकरण होते. तीन वर्षांनी, सप्टेंबर 1978 मध्ये, अल्मा-आताच्या परिषदेत 134 देशांनी ‘सन 2000 पर्यंत सर्वांसाठी आरोग्य’ ही घोषणा केली. त्या घोषणेच्या पायाशी चीन, क्युबा, टांझानिया यांच्याबरोबर जामखेडही होते.

घोषणेची शाई वाळते न वाळते तोच कात्री लागली. 1979 मध्ये ‘निवडक’ प्राथमिक आरोग्यसेवेचा विचार पुढे आला. सगळेच करणे परवडणार नाही, तेव्हा लसी, जलसंजीवनी, स्तनपान, वाढीची नोंद अशा थोड्या, मोजता येणाऱ्या उपायांवर भर द्या, असे त्याचे म्हणणे. या उपायांनी लाखो मुले वाचली, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण त्यात आरोग्यसेविकेची भूमिका ठरलेला माल दारोदार पोचवण्याइतकी आक्रसली. भारतात त्याआधीच दुसरी चूक होऊन गेली होती. जनता सरकारने 2 ऑक्टोबर 1977 रोजी हजार वस्तीमागे एक आरोग्यरक्षक नेमायची देशव्यापी योजना सुरू केली: तीन महिन्यांचे प्रशिक्षण, महिन्याला पन्नास रुपये मानधन आणि पन्नास रुपयांची औषधे. निवड बहुतेक ठिकाणी गावच्या पुढाऱ्यांच्या मर्जीने झाली आणि निवडले गेले ते बहुतांशी पुरुष, म्हणजे बाळंतिणीच्या खोलीत ज्यांना प्रवेशच नाही असे. तीन महिन्यांनंतर शिकवणी संपली, औषधे अनियमित झाली, देखरेख कागदावर राहिली. योजनेची नावे दोनदा बदलली, पण तिच्यात जीव आला नाही. गावच्या माणसाकडून आरोग्यसेवा होत नाही, असा निष्कर्ष त्यावरून अनेकांनी काढला. खरे तर जामखेडात जे होते त्यातले फारसे काही या योजनेत नव्हतेच.

गावची बाई काय करू शकते, याचा सर्वांत भक्कम पुरावा पुढे गडचिरोलीतून आला. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने 1988 मध्ये न्यूमोनियापासून सुरुवात केली. मुलाला न्यूमोनिया आहे की साधी सर्दी, हे ठरवायला मिनिटाला श्वास किती ते मोजावे लागते, आणि पन्नासपर्यंत आकडे न येणाऱ्या सुईणीला ते कसे जमणार? त्यावर एक साधे साधन तयार झाले. एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि शेजारी मण्यांच्या ओळी. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला तर न्यूमोनिया. तान्ह्या बाळाची ओळ वेगळी, मोठ्या मुलाची वेगळी. अक्षरओळख नसलेल्या सुईणीही त्यावर अचूक निदान करू लागल्या. 1993 पासून नवजात बाळांवरचा प्रयोग सुरू झाला. 39 गावांत आरोग्यदूत बायका आणि तुलनेसाठी 47 गावे. आरोग्यदूत घरी जाऊन बाळाला तोलायची, ताप पाहायची, गुदमरलेल्या बाळाला श्वास द्यायची, कमी वजनाच्या बाळाला उबदार पिशवीत ठेवायला आईला शिकवायची आणि जंतुसंसर्गाची लक्षणे दिसली तर आईबापांच्या संमतीने जेंटामायसिनचे इंजेक्शन स्वतः द्यायची. या गावांत नवजात मृत्यू हजारी 62 वरून 25 च्या आसपास आले. तुलनेच्या गावांत ते साठीच्या आसपासच रेंगाळले. जंतुसंसर्ग झालेल्या बाळांपैकी आधी शंभरांत सोळा-सतरा दगावत, ते प्रमाण तिनाच्या खाली आले. डिसेंबर 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने हे निष्कर्ष छापले.

यावर दोन आक्षेप आले आणि दोन्ही गंभीरपणे घ्यायला हवेत. पहिला सुरक्षेचा: थोड्याच इयत्ता शिकलेल्या बाईने तान्ह्या बाळाला इंजेक्शन द्यायचे? प्रश्न रास्त आहे, पण तो विचारताना तुलना कशाशी करतो हे सांगावे लागते. गडचिरोलीच्या त्या गावांत पर्याय बालरोगतज्ज्ञाचा नव्हता. पर्याय होता काहीच न मिळण्याचा, फार तर भगताकडे नेण्याचा. शिवाय ती मनाला येईल तेव्हा सुई टोचत नव्हती. लक्षणे ठरलेली, मात्रा ठरलेली, प्रत्येक भेटीची नोंद आणि ती तपासायला येणारे पर्यवेक्षक, अशी सगळी चौकट तिच्याभोवती होती. 2015 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही, बाळाला रुग्णालयात नेणे शक्यच नसेल तर घराजवळ इंजेक्शन आणि तोंडी औषधाने उपचार करावेत, अशी शिफारस केली. दुसरा आक्षेप असा की हे बंग-आरोळ्यांसारख्या झपाटलेल्या माणसांमुळे घडते, सरकारी यंत्रणेत ते कोठून आणणार? महाराष्ट्रातच सात स्वयंसेवी संस्थांनी ‘अंकुर’ प्रकल्पात गडचिरोलीची पद्धत आपापल्या भागात राबवली आणि नवजात मृत्यू निम्म्याने घटले. बांगलादेशातल्या सिल्हेटमध्ये आणि उत्तर प्रदेशातल्या शिवगडमध्ये वेगळ्या लोकांनी घरभेटींचे प्रयोग केले, तिथेही मोठी घट दिसली. तेव्हा गुण फक्त व्यक्तीचा नव्हता, पद्धतीचा होता. पद्धत नीट पाळायला मात्र पैसा आणि चिकाटी लागते.

मग 2005 साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आले आणि त्याबरोबर गावोगावची आरोग्यसेविका, म्हणजे आशा. आज देशात सुमारे दहा लाख आशाताई आहेत. त्यांनी काय केले हे मोकळेपणाने सांगायला हवे. 2005-06 मध्ये देशातली 39 टक्के बाळंतपणे दवाखान्यात होत होती, 2019-21 मध्ये 89 टक्के. 2005 मध्ये बालमृत्यूदर हजार जन्मांमागे 58 होता, 2020 मध्ये 28. याचे श्रेय रस्ते, रुग्णवाहिका, लसी, जननी सुरक्षा योजना अशा अनेकांत वाटले जाईल, पण घरोघरी फिरून गरोदर बाईची नोंद करणारी आणि रात्री-अपरात्री तिच्यासोबत गाडीत बसणारी आशाच होती. 2011 पासून घरोघरी नवजात बालसेवाही तिच्याकडे आली: दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत सहा भेटी, आणि त्या पूर्ण झाल्यावर 250 रुपये. गडचिरोलीचा मोठा भाग असा सरकारी कार्यक्रमात उतरला, ही फार मोलाची गोष्ट आहे. पण गळले काय, तेही पाहू. 2014 मध्ये केंद्र सरकारने जेंटामायसिन देण्याची मुभा दिली ती उपकेंद्राच्या एएनएमला, म्हणजे तिथल्या परिचारिकेला. आशाने लक्षणे ओळखायची, चिठ्ठी द्यायची, पुढे पाठवायचे. ज्या घराला पाठवलेल्या जागी जाता येत नाही, त्याच घरासाठी तर हा सारा खटाटोप होता. आठवड्याच्या शिकवणीची जागा अधूनमधूनच्या प्रशिक्षण सत्रांनी घेतली. देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तकही तुटपुंज्या मोबदल्यावर आल्या. आशा नोंदणी करणारी, बोलावून नेणारी आणि फॉर्म भरणारी झाली. बरे करणारी होण्याचे तिचे बळ मात्र वापरलेच गेले नाही.

पैशाचा प्रश्न याच्याशी जोडलेला आहे. आशा कागदोपत्री ‘स्वयंसेविका’, त्यामुळे पगार नाही, कामागणिक मोबदला. या पद्धतीचे समर्थक म्हणतात, पगार सुरू झाला की सेवाभाव संपतो, ती गावाला नव्हे तर कचेरीला बांधली जाते. आणि जामखेडच्या बायका कुठे पगारी होत्या? हा मुद्दा वजनदार आहे, कारण आरोळ्यांनी खरोखरच पगारावर भर दिला नव्हता. पण त्यांनी या बायकांना कर्ज, जोडधंदा आणि उत्पन्नाची साधने मिळवून दिली होती, आणि काम दिवसातल्या काही तासांचे होते. आशाचे काम आता सकाळपासून रात्रीपर्यंत पसरले आहे. करोनाच्या साथीत तिने घराघरांतून ताप आणि ऑक्सिजन मोजला, महाराष्ट्रात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’च्या पाहणीत उन्हातान्हात फिरली. त्यासाठी केंद्राने महिन्याला हजार रुपये जास्तीचे ठरवले. मे 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आशांचा गौरव केला. पण त्याच संघटनेने 2018 मध्ये, अशा सेविकांना कामाच्या मानाने वेतन द्यावे आणि ते केवळ किंवा मुख्यतः कामागणिक मोबदल्यावर ठेवू नये, असे सुचवले होते. कामागणिक पैशाचा तोटा उघड आहे: ज्या कामाला दर आहे ते होते, ज्याला दर नाही ते मागे पडते. दुसऱ्या गरीब आणि मध्यम देशांनी हा तिढा सोडवलेला आहे. इथिओपियाने 2003 नंतर तीस हजारांवर स्त्रियांना वर्षभर शिकवून सरकारी पगारावर घेतले. ब्राझीलने 2006 मध्ये घटनादुरुस्ती करून आरोग्यसेवकांची नेमणूक नियमित केली. पाकिस्तानात लेडी हेल्थ वर्कर रस्त्यावर आणि न्यायालयात लढून नोकरीत कायम झाल्या. आपल्याकडे 2013 च्या भारतीय श्रम परिषदेने आशांसारख्या योजनाकर्मींना कामगार मानण्याची शिफारस केली, ती अजून शिफारसच आहे. 2024 च्या सुरुवातीला महाराष्ट्रातल्या आशा आझाद मैदानावर ठाण मांडून बसल्या, तेव्हा राज्याने पाच हजारांची वाढ मान्य केली. वाढ मिळाली, दर्जा नाही.

आता तिसरा आक्षेप उरतो, आणि मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. बाळंतपणे दवाखान्यात होऊ लागली, 108 ची रुग्णवाहिका येते. मग गरिबांना कमी शिकलेली सेविका आणि श्रीमंतांना डॉक्टर, ही विषमता आपण कायम का करावी? गावाला डॉक्टर मिळालाच पाहिजे, यात वाद नाही, आणि आशाच्या नावाखाली प्राथमिक केंद्रांतली पदे रिकामी ठेवण्याचा हक्क कोणत्याही सरकारला नाही. पण गावातला आजार बदलतो आहे. तान्ह्या बाळांच्या मृत्यूंबरोबरच आता रक्तदाब, मधुमेह आणि त्यांतून येणारा पक्षाघात गावागावांत आहे. या आजारांत डॉक्टरची एक भेट पुरत नाही. महिनोन्‌महिने कोणीतरी दाब मोजणे आणि गोळी चालू आहे ना हे विचारणे गरजेचे असते. बांगलादेश, पाकिस्तान आणि श्रीलंका या तीन देशांच्या खेड्यांत सरकारी आरोग्यसेवकांनी नेमके हेच केले. ते घरी जाऊन रक्तदाब मोजत, सल्ला देत, गरज पडली तर डॉक्टरकडे पाठवत. 2020 मध्ये त्याचे निष्कर्ष आले: दोन वर्षांत त्या रुग्णांचा वरचा रक्तदाब इतरांपेक्षा सरासरी पाच अंकांनी जास्त उतरला. लोकसंख्येच्या पातळीवर पाच अंक म्हणजे किती पक्षाघात टळतात, हे आरोग्यखात्याला वेगळे सांगायला नको. आपल्या आशाताईकडे तिशीपुढच्या प्रत्येक माणसाचा, आजारांचा धोका तपासणारा सीबॅक फॉर्म भरायचे काम आधीच आहे: तंबाखू खाता का, कमरेचा घेर किती, घरात कोणाला मधुमेह आहे का. उत्तरे लिहून झाली की ती त्या माणसाला उपकेंद्राकडे पाठवते. त्या फॉर्मबरोबर तिच्या पिशवीत रक्तदाबाचे यंत्र आणि डॉक्टरने लिहून दिलेल्या गोळ्यांचा महिन्याचा साठा हवा, दर आठवड्याची शिकवणी हवी आणि महिनाअखेर ठरलेला पगार हवा. राज्याच्या पुढच्या अंदाजपत्रकात या चार गोष्टींसाठी स्वतंत्र तरतूद झाली पाहिजे.